वजाबाकीचा मासा

ताटातल्या माशाकडे बघून ‘ह्यात प्रोटीन किती?’ असं विचारणारं माणूस आमच्या घराण्यात आजवर जन्माला आलं नव्हतं. माशाबद्दलचे प्रश्न ठरलेले होते. ताजा आहे का, गाभोळी आहे का, आणि डोक्याची तुकडी कुणाच्या ताटात गेली? पहिल्याचं उत्तर कल्ला उचलून मिळायचं, दुसऱ्याचं पोट चाचपून. तिसऱ्यावरून माझे दोन काका एकमेकांशी बरीच वर्षं बोलत नव्हते. मासा हा आमच्याकडे भावनेचा विषय. तो आरोग्याचाही विषय आहे, हे मुलीने जिम लावल्यावर कळलं.

जिमबरोबर आहारतज्ज्ञ बाई आल्या, बाईंबरोबर तक्ता आला, आणि तक्त्यात मंगळवारच्या आणि शनिवारच्या चौकटीत लिहिलेलं होतं: सॅमन, स्किनलेस, दीडशे ग्रॅम. आता सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. उरलेल्या तीन वारांत माशाने आपलं काय ते उरकून घ्यावं, असा घरचा कायदा. बाईंनी नेमके दोन्ही वार देवांच्या कोट्यातले काढले होते. बरीच बोलणी होऊन सॅमन बुधवारी आणि रविवारी हलवण्यात आला. हृदयाला वार कळत नाही, असं बाई फोनवर म्हणाल्याचं मुलीने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, देवाला कळतो.

सॅमन घरी आला तो पारदर्शक प्लास्टिकमध्ये, हवा काढलेला, सपाट. किलोला दोन-तीन हजार रुपये मोजायला लावणारी वस्तू इतकी मुकाट असू शकते, हे मला नवीन होतं. डोकं नाही, शेपूट नाही, काटा नाही, खवला नाही आणि आता कातडीही नाही. डोळेच नसल्यामुळे तो ताजा की शिळा हे डोळ्यांत बघून ठरवायची सोय नाही. ते काम पाकिटावरची तारीख करते. सासूबाई मालवणच्या. त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं आणि विचारलं, “ह्येका तकली नाय, काटो नाय, कातडा नाय. मगे ह्येका मासो कित्याक म्हणतत?”

“आजी, त्यात ओमेगा-थ्री असतं.”

“सगळा काढल्यानी, मगे ताच कित्याक ठेवल्यानी?”

ह्यावर मुलीने मोबाइल काढला आणि आकडे वाचून दाखवले. आकडे खोटे नाहीत, हे मीही नंतर तपासलं. पिंजऱ्यात वाढवलेल्या अटलांटिक सॅमनच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २०८ कॅलरी, २० ग्रॅम प्रोटीन आणि १३ ग्रॅम चरबी असते. त्या चरबीतली जवळपास २ ग्रॅम म्हणजे ईपीए आणि डीएचए ही दोन नामांकित ओमेगा-थ्री आम्लं. त्याचाच मोकळ्या समुद्रातला भाऊ १४२ कॅलरींवर थांबतो, आणि त्याची चरबी ६ ग्रॅमच्या आसपास. त्याला पोट भरायला पोहावं लागतं. पिंजऱ्यातल्याला जेवण वेळेवर जागेवर येतं, तेव्हा मोबाइलवरून जेवण मागवणाऱ्यांचं जे होतं तेच त्याचं होतं. बी-१२ जीवनसत्त्व ३ मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागून उरेल इतकं. सेलेनियम भरपूर. पिष्ट पदार्थ शून्य, फायबर शून्य.

ड जीवनसत्त्व ११ मायक्रोग्रॅमच्या घरात, म्हणजे दिवसाच्या गरजेचा दोन तृतीयांशाहून मोठा हिस्सा. इथे मी थोडा थबकलो. मुंबईत वर्षाचे आठ महिने डोकं फिरेल इतकं ऊन. ते आम्ही पडदे लावून, एसी लावून आणि तोंडाला क्रीम फासून अडवतो. मग ज्या देशाच्या उत्तर भागात थंडीत कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही, तिथून उन्हाचं जीवनसत्त्व बर्फात घालून विमानाने मागवतो. विमानभाडं अर्थात पाकिटाच्या किमतीत धरलेलं असतं.

प्रोटीनचं एक सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. त्यात सॅमनचा विशेष पराक्रम नाही. बांगडा घ्या, सुरमई घ्या, रावस घ्या, शंभर ग्रॅमला अठरा-वीस ग्रॅम प्रोटीन बहुतेक मासे निमूट देतात. अपवाद आमच्या लाडक्या बोंबलाचा. ओल्या बोंबलात दहातले जवळपास नऊ भाग पाणीच असतं. आपण रव्यात घोळवून तळतो, ते खरं म्हणजे थोडासा मासा मिसळलेलं पाणी. तरीही तो कुरकुरीत होतो, ह्यातच मुंबईच्या बायकांची कर्तबगारी आहे.

सॅमनचा दरारा आहे तो ओमेगा-थ्रीमुळे, आणि ओमेगा-थ्रीचा दरारा आहे तो ग्रीनलंडमुळे. १९७० च्या सुमारास हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न ड्युअरबर्ग हे दोन डॅनिश डॉक्टर कुत्र्यांच्या गाडीवरून बर्फात हिंडून तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त गोळा करत होते. ही माणसं सील आणि देवमाशाची चरबी मनसोक्त खातात, भाजी जवळपास बघतही नाहीत, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, असं ऐकिवात होतं. रक्तात ईपीए आणि डीएचए सापडलं, आणि जगाला एक नवीन काळजी व एक नवीन बाजारपेठ एकाच वेळी मिळाली. त्या दुर्गम वस्त्यांमधल्या मृत्यूंच्या नोंदी कितपत विश्वासाच्या, हा प्रश्न पुढे विचारला गेला. पण तोवर पिवळ्याधमक गोळ्यांच्या बाटल्या छापील लेबलांसह तयार होत्या. सील खा, असं मात्र कुणी सुचवलं नाही. सील हवाबंद पाकिटात मावत नाही.

ह्या गोळ्यांची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. २५,८७१ माणसांना घेऊन केलेल्या ‘व्हायटल’ नावाच्या अभ्यासाचा निकाल २०१८ साली लागला. ज्यांना हृदयविकार आणि कर्करोग झालेला नाही अशा माणसांना ओमेगा-थ्रीची गोळी देऊन पाहिलं, तर मोठे हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग ह्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. गोळी नापास झाली तरी मासा पास राहिला. अमेरिकन हार्ट असोसिएशन अजूनही सांगते, आठवड्यातून दोनदा मासे खा, आणि त्यातही तेलकट जातीचे खा. इथपर्यंत आमच्या घरात एकमत होतं. पुढे तीच संस्था ‘तळलेले नकोत’ असंही म्हणते, तिथे सासूबाई अमेरिकेपासून वेगळ्या झाल्या.

आता हा सॅमन येतो कुठून? १९७० साली नॉर्वेतल्या हिट्रा बेटावर ग्रोन्टव्हेट आडनावाच्या दोघा भावांनी समुद्रात तरंगता जाळीचा पिंजरा सोडला आणि त्यात सॅमनची पिल्लं टाकली. त्याआधी लोकांनी तळी खणून पाहिली होती, पण हा पिंजरा चालला. इतका चालला, की पंधरा वर्षांत मासा फार झाला आणि खाणारी तोंडं कमी पडू लागली. मग नॉर्वेच्या माणसांनी जपानला गाठलं. जपानी लोक सॅमन भाजून किंवा खारवून खात. कच्चा खायला धजत नसत, कारण पॅसिफिकमधल्या रानटी सॅमनमध्ये जंत निघत. पिंजऱ्यातला मासा ठरलेलं खाद्य खातो, त्यात ती भीती नाही, हे पटवून द्यायला नॉर्वेला कित्येक वर्षं खपावं लागलं. आज आपल्याकडे अंधेरीत बसून दोन काड्यांनी गुलाबी सुशी उचलणारा माणूस डोळे मिटून प्राचीन जपानी परंपरेचा आस्वाद घेत असतो. ती परंपरा दूरदर्शनवरच्या ‘रामायण’ मालिकेच्या वयाची आहे.

आणि तो गुलाबी रंग. जंगली सॅमन कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खातो, त्यांच्यातलं ॲस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य त्याच्या मांसात उतरतं. पिंजऱ्यातल्या माशाला ते मिळत नाही, म्हणून त्याच्या खाद्यात कालवावं लागतं. कालवलं नाही तर मांस राखट, फिकट निघतं. पोषणात फारसा फरक नाही, पण कुणी हात लावत नाही. किती गुलाबी हवा, हे ठरवायला एक पट्टी असते. ‘सॅल्मोफॅन’ तिचं नाव. फिकट केशरीपासून गडद लालसरपर्यंत पट्ट्या, २० पासून ३४ पर्यंत आकडे घातलेल्या. मासा कापायचा, पट्टी शेजारी धरायची, आकडा बोलायचा. ही पट्टी रोश ह्या औषधकंपनीने काढली, कारण रंगद्रव्यही तीच विकत होती. हे वाचल्यावर मी पत्नीला म्हटलं, “तू काल दोन पाकिटांतलं हे उचललंस, का?” ती म्हणाली, “ह्याचा रंग जास्त ताजा वाटला.” तिला दोष नाही. गिऱ्हाईक गडद रंगाला जास्त पैसे देतं, हे त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

खरी गंमत ओमेगा-थ्रीची. ते सॅमन स्वतः फारसं तयार करत नाही. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ ते तयार करतं, शेवाळ खाणारे बारीक जीव ते साठवतात, त्यांना खाणारे छोटे मासे आणखी साठवतात, आणि छोट्यांना खाऊन मोठा मासा श्रीमंत होतो. पिंजऱ्यातल्या सॅमनला हे तेल खाद्यातून देतात, आणि त्यातलं पुष्कळसं येतं पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्ही माशांतून. अँकोव्ही म्हणजे बोटभर लांबीचा, काटेरी, वासाचा मासा. आपल्या मांदेलीच्याच कुळातला. म्हणजे व्यवहार असा, की बारक्या, काटेरी, वास मारणाऱ्या माशाचं तेल काढायचं, ते मोठ्या माशाच्या पोटातून फिरवायचं, त्या फेऱ्यात काटा आणि वास वजा करून घ्यायचा, आणि त्या वजाबाकीचे पैसे मोजायचे. सॅमन हा ह्या व्यवहारातला दलाल आहे. सोज्वळ, गोरागुलाबी, परदेशी, पण दलाल.

शिवाय दलाल हल्ली माल कमी देतो. छोटे मासे महागले, तसं खाद्यात सोया आणि मोहरीच्या जातीतल्या रेपसीडचं तेल वाढलं. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की तिथल्या सॅमनमधलं ईपीए आणि डीएचए दहाएक वर्षांत निम्म्यावर आलं. आधी आठवड्याची गरज एका तुकडीत भागायची, आता दोन लागतात. बहुतेक इतर माशांपेक्षा ते तरीही जास्तच आहे, हे त्याच संशोधकांनी सांगितलं. पण सोयाबीन खाणारा मासा म्हटल्यावर समोरच्या फ्लॅटमधल्या शुद्ध शाकाहारी काकांनी माझ्याकडे ज्या आशेने पाहिलं, ते बघण्यासारखं होतं.

ह्या काकांचं वेगळंच दुखणं आहे. त्यांना डॉक्टरांनी ओमेगा-थ्री सांगितलंय आणि मासा वर्ज्य. त्यांच्याकडे जवसाची चटणी असते, खमंग, लसूण घातलेली. सोलापुरी भाकरीबरोबर मी ती चोरून खाल्ली आहे. जवसातही ओमेगा-थ्री असतं, पण वेगळ्या जातीचं. आपलं शरीर त्यातलं जेमतेम थोडंसं ईपीएत बदलतं, आणि डीएचएत तर नावापुरतं. तरी काका रोज दोन चमचे खातात, आणि आमच्या दारावरून जाताना श्वास जरा खोल घेतात, असा मला संशय आहे.

आता कातडीकडे येऊ. ती काढायची कशाला? २००४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक निबंध आला. पिंजऱ्यातल्या सॅमनमध्ये पीसीबी नावाची औद्योगिक विषारी द्रव्यं जंगली सॅमनपेक्षा जास्त आहेत, असं त्यात होतं. जग हादरलं. ही द्रव्यं चरबीत साठतात आणि कातडीखाली चरबीचा थर असतो, म्हणून कातडी काढा, असा सल्ला निघाला. पुढे खाद्यात वनस्पतींची तेलं वाढली, तशी विषारी द्रव्यंही उतरली. सोयाबीनने एका हाताने नेलं आणि दुसऱ्या हाताने दिलं. पण कातडी काढण्याची सवय राहिली. कातडीखालच्या थरात ओमेगा-थ्रीही असतं, ते कातडीबरोबर थोडंफार जातं. पैसे जात नाहीत. उलट कातडी काढलेली तुकडी महाग.

ह्याच सुमारास मुलीच्या टेबलावर एक डबा दिसला. मरीन कोलॅजन. रोज एक चमचा कोमट पाण्यात, त्वचा तुकतुकीत राहावी म्हणून. मी डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं. कोलॅजन कशापासून? माशाची कातडी आणि खवले.

हे मी सासूबाईंना सांगायला नको होतं, असं पत्नीचं मत आहे. त्या संध्याकाळभर हिशेब करत होत्या. कातडी काढायचे पैसे वेगळे, काढलेली कातडी वाळवून दळून डब्यात भरल्यावर तिचे पैसे वेगळे, आणि मधल्या मधे मासा कुणी खाल्ला? त्यांच्या तव्यावरच्या बांगड्याची कातडी काळपट, कुरकुरीत, मसाला धरलेली असते आणि ती पहिल्यांदा खायची असते. तिच्यासाठी कुणी डबा काढलेला नाही. माशाच्या कातडीला जगात मोठा मान आहे, हे मात्र मान्य करायला हवं. ब्राझीलमध्ये फोर्तालेझाच्या डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर तिलापियाची कातडी लावून पाहिली. आइसलंडमध्ये कॉडची कातडी जखमा भरायला वापरतात. माणसाच्या अंगावर चालते, फक्त त्याच्या ताटात नको.

स्वयंपाकघरात सॅमनचं काय झालं, तेही सांगतो. पहिल्या दिवशी मुलीने तो तिच्या पद्धतीने केला: मीठ, मिरी, लिंबू, तव्यावर मोजकी मिनिटं. शिजताना त्याच्या अंगातून पांढरं काहीतरी फुटून बाहेर आलं. “ह्या काय भायर येता?” म्हणत सासूबाईंनी ते उलथन्याने खरवडून बेसिनमध्ये टाकलं. ते प्रोटीन होतं. जास्त आचेवर मांसाच्या पेशी आक्रसल्या की अल्ब्युमिन असं पिळून बाहेर येतं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यातलं थोडं गटारात गेलं. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. ओलं खोबरं, धणे, बेडगी मिरची, आमसुलं, चार तिरफळं; त्या कालवणात सॅमन सोडला, आणि पाच मिनिटांत तो पाकळ्या पाकळ्या होऊन दिसेनासा झाला. काटा नाही आणि धरून ठेवायला कातडी नाही, बिचारा टिकणार कशाच्या जोरावर? कालवण मात्र उत्तम झालं होतं. भाताबरोबर आम्ही ते चापून खाल्लं, आणि दर घासाला चरबीची एक गुळगुळीत सावली जिभेवर येत होती. खोटं कशाला बोलू, नुसत्या मिठावर भाजलेला सॅमन मला आवडतो. मऊ असतो, उदार असतो, भांडत नाही. मुडदुशासारखं लक्ष देऊन खावं लागत नाही, टीव्ही बघत खाता येतो. ज्याला माशाची भीती वाटते, त्याच्यासाठी निसर्गाने नव्हे तर कारखान्याने केलेली सोय आहे ती.

आणि त्याचा सामाजिक फायदा तर कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नाही. सॅमन शिजला, तरी जिन्यात बातमी फुटत नाही. बांगडा तव्यावर पडला, की सोसायटीच्या ग्रुपवर पाच मिनिटांत ‘कृपया खिडक्या बंद ठेवाव्यात’ असा निरोप येतो. सुकट भाजली, तर सेक्रेटरी स्वतः येतात. म्हणून मुंबईत मासेखाऊ माणूस श्रीमंत होऊ लागला, की त्याच्या ताटातला वास आधी कमी होतो. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, ताजा मासा मिळत नाही. सॅमनला पावसाळा नाही, नारळीपौर्णिमा नाही, उधाण नाही. तो बारमाही आहे.

ह्या सगळ्यात जिचं नाव कुणी घेत नाही, ती तारली. कोकणात तिला पेडवे म्हणतात. पावसाळ्यानंतर तिच्या अंगावर इतकी चरबी चढते, की तव्यावर तेल न घालता ती आपल्याच तेलात तळली जाते. त्या तेलात ईपीएही आहे, डीएचएही आहे. आणि तिचा मऊ काटा चावून खाता येतो, म्हणजे कॅल्शियमही मिळतं, जे बिनकाट्याच्या सॅमनमध्ये नगण्य. भाव सॅमनच्या पासंगाला पुरत नाही. किनाऱ्यावर पूर्वी जास्त आली, की ती खत म्हणून माडांच्या बुंध्यात घालत. आमच्या कितीतरी पिढ्यांनी आपल्या माडांना ओमेगा-थ्री खाऊ घातलं. कोकणातला एकही माड हृदयविकाराने गेल्याचं ऐकिवात नाही.

मी मुलीला हे आहारतज्ज्ञ बाईंना विचारायला लावलं. सॅमनच्या जागी तारली आणि बांगडा चालेल का? बाई सरळ स्वभावाच्या निघाल्या. चालेल काय, धावेल, म्हणाल्या. फक्त तळू नका. मग त्यांनी तक्ता दुरुस्त करून पाठवला. बुधवारच्या चौकटीत आता ‘बांगडा / तारली, भाजलेली’ असं आहे आणि खाली कंसात ‘कातडीसह’. सासूबाईंनी तो कागद फ्रिजवर चिकटवलाय.

बुधवारी सकाळी बाजारात गेलो. नेहमीच्या कोळीणबाईंच्या पाटीत तारलीचे वाटे लावलेले, चकचकीत. भाव विचारला, तर दुपटीच्या जवळ.

“अहो मावशी, मागच्या आठवड्यात काय होता भाव?”

“तवा ओमेगा नव्हता दादा,” मावशींनी पाणी शिंपडत सांगितलं. “समोरच्या जिमवाल्यांची पोरं येतात आता. घे, साफ करून देते. कातडी ठेवू का काढू? काढायचे दहा रुपये येगळे.”